पंचनामा आधी वाचून घ्या: सीमाभागात अपघातानंतर ट्रकमालकाची बाजू

कोगनोळी टोलनाका ओलांडला की राज्य बदलतं. चालकाला ते जाणवत नाही, कारण रस्ता तोच, ढाबेही तसेच. जाणवतं ते अपघात झाल्यावर. ट्रक एमएच 09 पासिंगचा, मालक कागलचा, माल कोल्हापूरच्या फौंड्रीचा, चालक कधी गडहिंग्लजचा तर कधी थेट बिहारचा, आणि अपघात तवंदी घाटाच्या उतारावर. तिथून पुढचा प्रत्येक कागद कन्नडमध्ये तयार होतो आणि मालक तो न वाचता सही करतो. निपाणीपासून कित्तूरपर्यंतच्या पट्ट्यात ट्रकमालकांच्या फायली सांभाळताना एक गोष्ट आम्ही वारंवार पाहतो. कोर्टात चार वर्षांनी जे हरतं, ते पहिल्या तीन दिवसांतच हरलेलं असतं. एफआयआर, नकाशासहित घटनास्थळाचा पंचनामा आणि ब्रेक इन्स्पेक्टरचा अहवाल, या तीन कागदांवर सगळा डोलारा उभा राहतो.

सुरुवात चालकापासून होते. जमाव मारेल या भीतीने चालक पळतो, आणि ती भीती खोटी नाही. पण मोटार वाहन कायद्याच्या कलम 134 प्रमाणे जखमीला उपचार मिळवून देणं आणि 24 तासांच्या आत पोलिसांत वर्दी देणं ही त्याची जबाबदारी आहे. जीव धोक्यात असेल तर त्याने तिथून निघावं, पण गावाकडे न जाता थेट जवळच्या पोलीस ठाण्यात जाऊन बसावं आणि जाताना 112 व 108 ला फोन करावा. राष्ट्रीय महामार्गावर 1033 सुद्धा चालतो. या तीन कॉलची वेळ मोबाइलमध्ये राहते आणि पुढे तीच उपयोगी पडते. भारतीय न्याय संहितेतलं कलम 106(2), म्हणजे पळून गेल्यास 10 वर्षांची शिक्षा, अजून अमलात आलेलं नाही. जानेवारी 2024 मध्ये ट्रकचालकांनी संप केला तो याच कलमावर. आज लागतं ते 106(1): निष्काळजीपणाने मृत्यू, 5 वर्षांपर्यंत शिक्षा, आणि ते जामीनपात्र आहे. चालकाला एवढं जरी नीट समजावून ठेवलं तरी निम्मे पळणारे थांबतात. पळालेल्या चालकाची रक्ततपासणी होत नाही. मग तो दारू प्यायला नव्हता हे सांगायला आपल्याकडे काहीच उरत नाही.

मालकाचा माणूस जागेवर पोचला की आधी फोटो काढावेत, बाकी बोलणं नंतर. निदान 30-40 फोटो हवेत. ट्रकचा फक्त चेपलेला बंपर काढून उपयोग नाही. फुटलेल्या काचा आणि चाकाच्या कमानीतून गळून पडलेली वाळकी माती रस्त्यावर कुठे पडली आहे ते काढा. धडक जिथे होते तिथेच ती माती झडते. वाहनं नंतर घसरत पुढे जातात, माती मात्र राहते, आणि पहाटेपर्यंत दुसऱ्या गाड्यांच्या चाकांनी तीही जाते. टायरच्या घासलेल्या खुणा टेप लावून मोजाव्यात आणि टेप फोटोत दिसली पाहिजे. दुचाकी असेल तर तिचा हेडलाइटचा स्विच, गिअर, हेल्मेट होतं का, किती जण बसले होते. आपला ट्रक उभा असताना मागून कोणी धडकलं असेल तर मागचे लाल रिफ्लेक्टर पट्टे, पार्किंग दिवे, ठेवलेला त्रिकोण आणि ट्रक पांढऱ्या रेषेच्या आत होता की बाहेर, हे सगळं. रस्त्याच्या रुंदीकरणाचं काम चालू असेल तर वळण रस्त्याचे फलक, बॅरिकेड आणि दिवे होते की नव्हते हेही त्याच रात्री टिपावं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिथे नवेकोरे फलक लागलेले असतात. रस्त्याच्या सदोष कामासाठी ठेकेदाराला जबाबदार धरणारं मोटार वाहन कायद्याचं कलम 198अ 2019 च्या दुरुस्तीने आलंय, पण त्याला पुरावा त्या रात्रीचाच लागतो.

आता पंचनामा. आपल्या भागातल्या एफआयआरमध्ये एक ठरलेलं वाक्य असतं: 'अती जोरिंद मत्तु निष्काळजीतनदिंद'. शब्द मराठीच्या इतके जवळचे की मालकाला वाटतं, सगळंच समजलं. पण निकाल फिरतो तो दोन छोट्या शब्दांवर. कन्नडमध्ये 'एड' म्हणजे डावी बाजू आणि 'बल' म्हणजे उजवी. मराठी माणूस 'बल' वाचून पुढे जातो. नकाशात ट्रक रस्त्याच्या 'बल' बाजूला दाखवला की त्याचा अर्थ ट्रक आपली बाजू सोडून गेला होता. चौपदरी महामार्गावर ही चूक सहज लक्षात येते. संकेश्वर-गडहिंग्लज किंवा जांबोटीमार्गे चोर्ला अशा दुभाजक नसलेल्या रस्त्यावर मात्र तो एक शब्द सगळी जबाबदारी आपल्यावर टाकतो.

म्हणून पंचनामा लिहून होत असतानाच कन्नड वाचणारा माणूस शेजारी उभा करावा. निपाणी, संकेश्वर, खानापूरला असा माणूस शोधावा लागत नाही. त्याने चार गोष्टी मोठ्याने वाचून दाखवाव्यात: धडकेची जागा रस्त्याच्या कुठल्या कडेपासून किती फुटांवर, रस्त्याची एकूण रुंदी, उत्तर दिशा नकाशात कुठे दाखवली आहे, आणि वाहनं मूळ जागीच मोजली की बाजूला ओढल्यावर. शेवटची गोष्ट फार वेळा राहते. क्रेनने ट्रक कडेला घेतल्यावर मोजमाप झालं असेल तर तसं पंचनाम्यात लिहिलेलं हवं. पोलीस बदल करायला तयार नसतील तर वाद घालत बसू नये. त्याच दिवशी आपल्या फोटोंसह लेखी अर्ज ठाण्यात द्यावा, पोच घ्यावी आणि त्याची प्रत पोलीस अधीक्षक कार्यालयाला रजिस्टर पोस्टाने पाठवावी. चार वर्षांनी उलटतपासणीत ती पोच कामी येते.

चालकाच्या जबाबाचंही तेच. तपासात पोलिसांसमोर दिलेल्या जबाबावर सही लागत नाही, कायद्यातच तसं आहे. कोऱ्या कागदावर सही तर कुठल्याही परिस्थितीत नाही. चूक समोरच्याची असेल तर चालकाने स्वतःची फिर्याद द्यावी. समोरचा मयत आहे म्हणून आपली फिर्याद कशी द्यायची, असा संकोच पुष्कळांना वाटतो आणि तो समजण्यासारखा आहे. तरीही खरं काय घडलं याची नोंद व्हायलाच हवी.

ब्रेक इन्स्पेक्टर म्हणजे आरटीओचे मोटार वाहन निरीक्षक. त्यांच्या अहवालात शेवटी बहुतेक वेळा लिहिलेलं असतं की अपघात यांत्रिक दोषामुळे झालेला नाही. मालकाला वाचून बरं वाटतं. पण त्याचा दुसरा अर्थ असा की दोष गाडीचा नाही, म्हणजे चालकाचा. उलट 'ब्रेक निकामी' असं लिहिलं गेलं तर विमा कंपनी आणि भरपाई मागणारा अर्जदार दोघंही देखभालीवर बोट ठेवतात. इथे बारकाईने पाहावं लागतं. एअर ब्रेकच्या ट्रकमध्ये धडकेने पुढचा पाइप तुटला की टाकीतली हवा निघून जाते आणि तपासणीच्या वेळी पेडल दाबून काहीच होत नाही. ब्रेक अपघातामुळे गेला की ब्रेक गेल्यामुळे अपघात झाला, हे अहवालात वेगळं लिहून घ्यायला हवं. तुटलेल्या पाइपचं तोंड ताजं, चकचकीत आहे की जुनं गंजलेलं, याचा जवळून फोटो घ्यावा. ड्रम उघडून लायनिंगची जाडी बघितली गेली का, तेही विचारावं.

तवंदी किंवा वंटमुरी घाटातल्या 'ब्रेक फेल'पैकी बरेच खरं तर ब्रेक तापण्याचे असतात. डिझेल वाचवायला चालक उतारावर गाडी न्यूट्रल करतो, इंजिनाचा अडसर जातो, सगळा भार लायनिंगवर येतो, ड्रम तापतो आणि पकड सुटते. गाडी थंड झाल्यावर तपासली की ब्रेक ठीक निघतो. असं असेल तर ब्रेक फेलचा बचाव घेऊच नये. भरपाईचे दावे चालवणाऱ्या मोटार अपघात न्यायाधिकरणासमोर तो सिद्ध करण्याचा भार मालकावर असतो, आणि त्याला लायनर बदलल्याची बिलं, गॅरेजचा जॉबकार्ड, किलोमीटरची नोंद लागते. खोटा बचाव पडला की खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास उडतो.

मोटार वाहन कायद्याच्या कलम 136 प्रमाणे तपासणी संपल्यावर गाडी 24 तासांत परत द्यायची असते. प्रत्यक्षात बऱ्याचदा त्या हद्दीच्या जेएमएफसी (प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी) कोर्टात अर्ज करावा लागतो. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत त्यासाठी कलम 497 आणि 503 आहेत, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतली 451 आणि 457. गाड्या पोलीस ठाण्याच्या आवारात सडत ठेवू नयेत, हे सर्वोच्च न्यायालयाने सुंदरभाई अंबालाल देसाई प्रकरणात 2002 मध्येच सांगितलंय, अर्जात त्याचा उल्लेख असावा. सोबत आरसी, विमा, फिटनेस, परमिट, मालकाचं ओळखपत्र, जामीनदार. गाडी विकणार नाही, रंग वा स्वरूप बदलणार नाही, बोलावलं की हजर करीन, असा बंधपत्राचा मजकूर असतो. कर्जाची गाडी असेल तर फायनान्स कंपनीचं पत्र आधीच मागवून ठेवावं. विमा नसलेली गाडी सुटणं कठीण, कोर्ट नुकसानभरपाईपोटी तारण मागतं.

विमा कंपनीला त्याच दिवशी लेखी कळवावं. फोनवर सांगितलं होतं, याला अर्थ नाही. 1 एप्रिल 2022 पासून लागू झालेल्या केंद्रीय नियमांत पोलिसांनी पहिला अपघात अहवाल 48 तासांत, अंतरिम अहवाल 50 दिवसांत आणि सविस्तर अहवाल 90 दिवसांत न्यायाधिकरणाकडे द्यायचा आहे. त्यात चालकाचा फॉर्म 3 आणि मालकाचा फॉर्म 4 हे 30 दिवसांत भरायचे असतात. हे दोन फॉर्म म्हणजे मालकाची पहिली अधिकृत बाजू. ठाण्यातला हवालदार भरून देतो म्हणून त्याच्यावर सोडू नका. वकिलाला दाखवून, लायसन्स आणि परमिटचे नंबर तपासून, स्वतः भरा.

टोलनाका, पेट्रोलपंप, ढाबा यांचं सीसीटीव्ही चित्रण काही दिवसांत पुसलं जातं. हत्तरगी किंवा हिरेबागेवाडीच्या टोलवरची वेळ आणि अपघाताची वेळ जुळवली तर वेग काढता येतो. जीपीएस आणि फास्टॅगचा तपशील पहिल्या आठवड्यातच ईमेलने मागवावा. कोर्टात देताना भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63(4) चं इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र जोडावं लागतं, नाहीतर पेन ड्राइव्ह नुसती फायलीत पडून राहते. वजनकाट्याची पावती आणि बिल्टी, म्हणजे मालाची वाहतूक पावतीही ठेवाव्यात. जास्त माल भरलेला असेल तर ते लपत नाही, वकिलाला पहिल्याच दिवशी सांगावं.

मोठा पैसा अडकतो तो लायसन्स आणि परमिटमध्ये. मालक म्हणतो, विमा आहे, मला काय. विम्याच्या अटीचा भंग निघाला तर न्यायाधिकरण बहुतेक वेळा 'आधी भरा, मग वसूल करा' असा आदेश देतं. कंपनी पीडिताला पैसे देते आणि त्याच आदेशावर, वेगळा दावा न लावता, मालकाच्या मागे लागते. पुढे ट्रक, घर, शेत यांवर जप्ती येते. लायसन्सच्या बाबतीत 2004 च्या स्वर्णसिंग निकालाने मालकाला आधार दिलाय: चालकाचं लायसन्स सदोष होतं एवढ्याने भागत नाही, मालकाने पुरेशी काळजी घेतली नाही हे कंपनीला सिद्ध करावं लागतं. म्हणून चालक ठेवतानाच सरकारच्या सारथी पोर्टलवर लायसन्स तपासून त्याची तारीख दिसणारी छापील प्रत आणि त्याच्या चाचणी फेरीची नोंद फायलीला लावावी. 7,500 किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीला हलक्या वाहनाचं लायसन्स चालतं, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 6 नोव्हेंबर 2024 रोजी कायम केलं, त्यामुळे छोटा टेम्पो चालवणाऱ्यांची मोठी चिंता मिटली. परमिट नसणं मात्र मूलभूत भंग मानला जातो. फिटनेसची तारीख तर कॅलेंडरवर लाल पेनाने लिहून ठेवावी: गाडी 8 वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी, त्यानंतर दरवर्षी. गॅस किंवा रसायनाच्या टँकरवर चालकाच्या लायसन्सवर घातक मालाची नोंद हवीच.

जुन्या ट्रकचा व्यवहार हा आणखी एक खड्डा. बेळगावची केए 22 ची गाडी कोल्हापुरात विकली, पैसे घेतले, चावी दिली, एनओसी आणि नाव बदलणं राहून गेलं. दोन वर्षांनी त्या गाडीने अपघात केला की नोटीस जुन्या मालकाच्या दारात येते. आरसीवर ज्याचं नाव तोच मालक, हे सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये नवीन कुमार प्रकरणात स्पष्ट केलं. राज्याबाहेर विकताना एनओसी आणि नावबदलाचे फॉर्म 28, 29, 30 पूर्ण झाल्याशिवाय चावी देऊ नये.

गाडीवर कोण बसलं होतं, हा प्रश्न गळीत हंगामात सर्वांत जड जातो. मालवाहू गाडीत फुकट बसलेल्या प्रवाशाची जबाबदारी विमा कंपनीवर नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या आशा राणी निकालापासून ठरलेलं आहे. मालाचा मालक किंवा त्याचा अधिकृत प्रतिनिधी सोबत असेल तर त्याला संरक्षण मिळतं. ऊसतोडीची टोळी, बायका-मुलं, भांडीकुंडी घेऊन ट्रकच्या हौद्यात बसते, लग्नाचं वऱ्हाड टेम्पोत चढतं. अपघात झाला की भरपाई मालकाच्या खिशातून जाते, आणि त्या बायकामुलांचं जे नुकसान होतं त्याला तर मोल नाही. ट्रॅक्टरचं आणखी वेगळं. शेतीच्या वापराचा विमा घेऊन भाड्याने ऊस ओढायचा, आणि ट्रेलरला विमाच नाही. अथणी-चिक्कोडी पट्ट्यात हे सर्रास चालतं. ट्रेलरचा स्वतंत्र विमा आणि मागे चालू असलेला दिवा, या दोन गोष्टींवर कारखान्यांनी हट्ट धरायला हवा असं आम्हाला मनापासून वाटतं.

भरपाईचा अर्ज सहा महिन्यांत करायचा असतो, पण कुठे करायचा हे अर्जदार ठरवतो: अपघाताच्या ठिकाणी, तो राहतो तिथे, किंवा प्रतिवादी राहतो तिथे. त्यामुळे निपाणीजवळच्या अपघाताचा दावा कोल्हापुरात लागू शकतो. बेळगावला त्याला एमव्हीसी नंबर मिळतो, महाराष्ट्रात एमएसीपी. कोल्हापुरात चालला तर कन्नड एफआयआर, पंचनामा, इन्क्वेस्ट (मृतदेहाचा पंचनामा) यांचं भाषांतर होतं. ते भाषांतर समोरच्या पक्षाने आणलेलं असेल तर ओळ न् ओळ मूळ कागदाशी ताडून बघावी. एड आणि बल इथेही उलटतात.

नोटीस आली की मालकाने हजर व्हायचंच. विमा कंपनीचा वकील आहे ना, असं म्हणून घरी बसलेल्या मालकाविरुद्ध एकतर्फी आदेश होतो. कंपनीचा आणि मालकाचा हितसंबंध एक नसतो. लायसन्स नव्हतं असं कंपनी म्हणते तेव्हा उत्तर द्यायला आपणच लागतो. चालकाची साक्षही आपणच आणायची. साक्षीला न आलेला चालक म्हणजे कबुली, असं न्यायाधिकरण बऱ्याचदा धरतं.

रक्कम कशी ठरते ते मालकाला माहीत असावं, म्हणजे तडजोडीच्या वेळी अंदाज येतो. समजा मयत 32 वर्षांचा दुचाकीस्वार, महिना 15,000 रुपये कमावणारा, स्वतःचा धंदा, घरी चार जण अवलंबून. सर्वोच्च न्यायालयाच्या प्रणय सेठी निकालाप्रमाणे 40 वर्षांखालच्याला भविष्यातील वाढ 40 टक्के, म्हणजे 21,000. स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा, 15,750. वर्षाचे 1,89,000. या वयाला गुणक (वर्षाची रक्कम जितक्या पटीने धरतात तो आकडा) 16, म्हणजे 30,24,000 रुपये. वर जोडीदाराचा वियोग, अंत्यविधी वगैरे ठरलेल्या रकमा आणि व्याज. दुचाकीस्वाराचा 20 टक्के दोष सिद्ध झाला तर 6,04,800 कमी होतात. पंचनाम्यातल्या त्या एका शब्दाची किंमत इथे दिसते. मागे बसलेल्याच्या बाबतीत मात्र ही वजावट चालत नाही. दोन वाहनांच्या चुकीने तिसऱ्याला इजा झाली तर तो पूर्ण रक्कम कोणाही एकाकडून मागू शकतो. आणि गाडीने दुकान किंवा विजेचा खांब पाडला असेल तर मालमत्तेच्या नुकसानीला विम्याची मर्यादा साडेसात लाखांची. त्यावरचं मालकाचं.

फौजदारी खटल्यात एक चूक राजरोस होते. कुणीतरी सांगतं, कलम 281 (बेदरकार गाडी चालवणं) चा किरकोळ दंड आहे, कबूल करून मोकळे व्हा, तारखा वाचतील. चालक हजार रुपये भरतो. ती कबुलीची प्रत पुढच्या महिन्यात भरपाईच्या दाव्यात निशाणी, म्हणजे पुराव्याचा कागद म्हणून दाखल होते. दोन्ही खटल्यांचा वकील एक असो वा दोन, त्यांचं आपसात बोलणं झाल्याशिवाय कबुली देऊ नये. तसंच बाँडपेपरवर नातेवाइकांना पैसे देऊन 'आमची तक्रार नाही' लिहून घेण्याचं. त्याने दावा बंद होत नाही, आणि मृत्यूचा गुन्हा आपसात मिटवताही येत नाही. मदत म्हणून जरूर द्यावेत, घरातला कर्ता गेलेला असतो, पण बँकेतून द्यावेत आणि तडजोड लोकअदालतीत, विमा कंपनीला सोबत घेऊन करावी.

निकाल विरोधात गेला तर अपील 90 दिवसांत. बेळगावच्या निकालावर कर्नाटक उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठात, तिथे त्याला एमएफए म्हणतात. कोल्हापूरच्या निकालावर पूर्वी मुंबई गाठावी लागे, ऑगस्ट 2025 पासून कोल्हापुरातच मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच आहे. ज्याला रक्कम भरण्याचा आदेश आहे त्याने अपिलासोबत 25,000 रुपये किंवा रकमेच्या निम्मे, यांतलं जे कमी ते आधी भरायचं. वादाची रक्कम एक लाखापेक्षा कमी असेल तर अपील नाही. प्रमाणित प्रतीचा अर्ज निकालाच्या दिवशीच द्यावा आणि घेताना त्यावर अर्जाची, प्रत तयार झाल्याची व दिल्याची अशा तिन्ही तारखांचे शिक्के आहेत का ते खिडकीवरच पाहून घ्यावं, कारण मुदत त्यावरूनच मोजतात.